तासाच्या हिशेबातला प्राध्यापक

महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांपैकी एक मोठा वर्ग पगारावर नाही, तासावर काम करतो. शासकीय कागदांत त्यांचा उल्लेख ‘तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक’ असा होतो, तर महाविद्यालयांत सगळे त्यांना सीएचबीवाले (‘क्लॉक अवर बेसिस’वरचे) म्हणून ओळखतात. पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट आणि अनेकांच्या बाबतीत पीएच.डी. अशी त्यांची पात्रता कायम प्राध्यापकाइतकीच असते. वर्ग, अभ्यासक्रम आणि विद्यार्थीही तेच असतात. फरक पडतो तो शिकवून बाहेर आल्यानंतर. कायम प्राध्यापकाला महिन्याचे वेतन, भत्ते, रजा आणि सेवाज्येष्ठता मिळते. तासिकावाल्याच्या नावावर फक्त शिकवलेल्या तासांची नोंद होते.

ही पद्धत मुळात गैर नव्हती. एखादा प्राध्यापक दीर्घ रजेवर गेला, एखाद्या विषयाचा कार्यभार पूर्ण पद भरण्याइतका नसला, किंवा वकिली वा पत्रकारितेतला जाणकार आठवड्यातून दोनदा येऊन शिकवणार असला, तर तासावर नेमणूक करणे शहाणपणाचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतही कंत्राटी नेमणुकीला अशीच मर्यादित जागा दिली आहे. अगदी आवश्यक असेल तेव्हाच ती करावी, अशा अध्यापकांची संख्या एकूण पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, निवडीची पात्रता व पद्धत नियमित पदाचीच असावी, आणि त्यांचे एकत्रित मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे, असे ती सांगते. तासिका तत्त्वाचा प्रश्न या चौकटीबाहेर जन्मला. वर्षानुवर्षे रिकामी असलेली मंजूर, पूर्णवेळ पदे तासांचे तुकडे करून चालवली जाऊ लागली आणि तात्पुरती सोय हीच भरतीची पद्धत होऊन बसली.

हे एका निर्णयाने झाले नाही. महाराष्ट्रात बहुसंख्य महाविद्यालये खासगी संस्था चालवतात. अनुदानित महाविद्यालयांत अध्यापकांची नेमणूक संस्था करते, वेतन मात्र शासनाच्या तिजोरीतून जाते. त्यामुळे पद भरायचे की नाही याची शेवटची किल्ली वित्त विभागाकडे असते. 2017 मध्ये नव्या पदभरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर 2018 मध्ये रिक्त जागांपैकी 40 टक्के भरण्यास परवानगी मिळाली आणि त्यात सहायक प्राध्यापकांची 3,580 पदे होती. ती प्रक्रिया पुरी होण्याआधीच मे 2020 मध्ये करोनाच्या आर्थिक ताणाचे कारण देऊन भरती पुन्हा थांबवण्यात आली. नोव्हेंबर 2021 मध्ये 2,088 पदांना मान्यता देण्यात आली. दरम्यान जुन्या विस्ताराच्या काळात लागलेले प्राध्यापक साठी गाठून निवृत्त होतच होते. परवानगी मिळालेल्या पदासाठीही आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, ना हरकत प्रमाणपत्र, जाहिरात, विद्यापीठाची निवड समिती आणि मान्यता अशा पायऱ्या असतात, आणि त्यांतली कोणतीही एक अडली की वर्ष जाते. भरतीच्या वेगापेक्षा निवृत्तीचा वेग जास्त राहिला. ही तूट तासिकांनी भरली गेली.

तासिकेवर काम करणाऱ्यांचेही थर आहेत आणि त्यांना एकाच मापाने मोजले की चित्र चुकते. अनुदानित पदाच्या बदल्यात नेमलेल्यांचे मानधन शासन देते, आणि त्यांच्या निवडीला सहसंचालक कार्यालय व विद्यापीठाची मान्यता लागते. त्याच महाविद्यालयातील विनाअनुदानित तुकड्यांवर शिकवणाऱ्यांचे पैसे संस्था देते. तिथे दर संस्थेच्या मर्जीवर ठरतो आणि तो बहुधा शासकीय दराच्या खालीच असतो. विद्यापीठांच्या विभागांत अकरा महिन्यांच्या करारावर एकत्रित रक्कम घेणारे कंत्राटी अध्यापक असतात. यांत सर्वांत दुबळा आहे तो विनाअनुदानित तुकडीवरचा अध्यापक, कारण त्याच्या नेमणुकीचा कागद बहुतेक वेळा महाविद्यालयाच्या दाराबाहेर जातच नाही. चर्चा मात्र प्रामुख्याने शासकीय दराची होते, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्यांची.

अनुदानित तासिकेवरच्या अध्यापकाचे वर्ष कसे जाते हे पाहिले की बाकी पुष्कळ गोष्टी उलगडतात. जूनमध्ये महाविद्यालय कार्यभार काढते आणि तासिकांसाठी प्रस्ताव पाठवते. मंजुरी येते, जाहिरात निघते, उमेदवार कागदपत्रांची फाइल घेऊन मुलाखतीला हजर होतात. गेली सहा वर्षे त्याच विभागात शिकवलेला अध्यापकही सातव्या वर्षी नव्या उमेदवारासारखाच रांगेत बसतो. निवड झाली की कायम पदावर हक्क सांगणार नाही, असे हमीपत्र लिहून द्यावे लागते. या सगळ्यात महाविद्यालय सुरू होऊन महिना-दोन महिने उलटलेले असतात. वर्ग रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून पुष्कळ ठिकाणी जुनाच अध्यापक ऑर्डर हातात येण्याआधी शिकवायला लागतो, आणि ऑर्डरच्या तारखेआधीचे तास बिलात धरले जातीलच याची खात्री नसते. सत्र संपले, परीक्षा सुरू झाल्या की तास थांबतात आणि उत्पन्नही थांबते. दिवाळी आणि उन्हाळा या दोन्ही सुट्ट्या त्याच्यासाठी बिनपगारी असतात.

दराची गोष्ट आता पाहता येईल. शासनाने 2022-23 मध्ये तासिकेचे दर वाढवले आणि पदवी वर्गाच्या एका तासासाठी 900 रुपये दर ठरला. आधीच्या मानाने ही वाढ चांगली होती, हे मान्य करायला हवे. पण एका अध्यापकाला साधारणपणे आठवड्याला 9 तासांपर्यंतच काम दिले जाते. एका पूर्ण पदाचा कार्यभार दोघांत वाटला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषानुसार वर्षात अध्यापनाचे 30 आठवडे धरले, एकही तास बुडाला नाही असे मानले, तरी वर्षाचे 270 तास आणि 2,43,000 रुपये होतात. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 20,250. ही कमाल मर्यादा आहे. सार्वजनिक सुट्ट्या, निवडणुकीचे काम, स्नेहसंमेलन, उशिरा आलेली ऑर्डर यांनी ती खाली येते. जिथे तासिका 48 मिनिटांची आहे आणि दर त्या प्रमाणात मोजला जातो, तिथे 900 चे 720 होतात.

याउलट सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे. महागाई भत्ता 50 टक्के धरला तर घरभाडे वगळूनही ते महिन्याला 86,550 होते, म्हणजे वर्षाला 10,38,600. त्याच पदावर दोन तासिकावाले ठेवले तर शासनाचा वर्षाचा खर्च जास्तीत जास्त 4,86,000 येतो. एक पद न भरता निम्म्याहून अधिक पैसे वाचतात. शिवाय निवृत्तिवेतन, वैद्यकीय प्रतिपूर्ती, वेतनवाढ यांचा भार पुढच्या तीस वर्षांसाठी टळतो. भरती का रखडते याची अनेक प्रशासकीय कारणे दिली जातात आणि त्यांतली काही खरी आहेत. पण रखडण्यात इतकी बचत असेल तर ती कारणे दूर करण्याची घाई कोणालाच वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 च्या जानेवारीत अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानाला 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 असा दर सुचवला होता. राज्याचा दर त्याच्या जवळही पोहोचलेला नाही.

दर कमी आहे हे दुखणे मोठे आहेच, पण त्याहून खोल दुखणे मोजमापाचे आहे. तास हे अध्यापनाचे एकक मानले की वर्गाबाहेरचे सगळे काम विनामूल्य ठरते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला नवा पेपर शिकवायचा तर एका तासासाठी दोन-तीन तास वाचन लागते. चाचण्या काढणे, वह्या तपासणे, अंतर्गत गुण भरणे, प्रकल्पांना मार्गदर्शन करणे, नापास झालेल्यांना समजावणे ही अध्यापनाचीच अंगे आहेत. आयोगानेही नियमित अध्यापकाचा आठवडा 40 तासांचा आणि त्यातले प्रत्यक्ष अध्यापन 16 तासांचे धरले आहे, म्हणजे वर्गातल्या प्रत्येक तासामागे दीड तास वर्गाबाहेरचे काम असते, हे व्यवस्थेला ठाऊक आहे. कायम अध्यापकाला त्याचे वेतन मिळते. तासिकावाल्यालाही हे काम चुकत नाही, फक्त ते हिशेबात येत नाही. 900 रुपयांना अडीच तासांनी भागले तर तासाला 360 रुपये उरतात.

त्यात महाविद्यालयाची इतर कामे येऊन मिळतात. महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की विभागाच्या फायली रात्री उशिरापर्यंत बसून लावणारे बहुधा तासिकेवरचेच तरुण असतात. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवर बसणे, परीक्षेत पर्यवेक्षण, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, युवक महोत्सवाची तालीम, संकेतस्थळाची माहिती भरणे ही कामे त्यांच्या वाट्याला येतात. नकार देण्याचा अधिकार कागदावर आहे. पुढच्या जूनमध्ये मुलाखतीला ज्यांच्यासमोर बसायचे आहे तेच विभागप्रमुख आणि प्राचार्य काम सांगत असतील, तर तो अधिकार वापरणार कोण? दरवर्षी नव्याने नेमणूक होण्याची अट ही शिस्तीचे सर्वांत परिणामकारक साधन बनते, कोणी तशी योजना आखलेली नसली तरी.

पैसे वेळेवर न मिळणे हा स्वतंत्र जाच आहे. महाविद्यालयाने तासांची नोंद प्रमाणित करून बिल सहसंचालक कार्यालयाला पाठवायचे, तिथे तपासणी व्हायची, अनुदान यायचे, मग रक्कम खात्यावर जमा व्हायची. मान्यतेचे पत्र अडले की बिल अडते, बिलात एक त्रुटी निघाली की सगळ्या महाविद्यालयाचे पैसे थांबतात. मानधन दरमहा मिळावे ही मागणी वर्षानुवर्षे प्रत्येक निवेदनात असते आणि चार-सहा महिन्यांचे मानधन एकदम हातात पडण्याचा अनुभव सार्वत्रिक आहे. उत्पन्न कमी असले तरी ठरलेल्या तारखेला आले तर घर चालवता येते. इथे रक्कमही कमी आणि तारीखही नाही. त्यामुळे एका महाविद्यालयात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, संध्याकाळी शिकवणी वर्ग असा दिवस काढावा लागतो. ग्रामीण भागात तर दोन तालुक्यांतल्या दोन महाविद्यालयांमध्ये एसटीने जा-ये करण्यात तासिकेच्या पैशांचा चांगला हिस्सा खर्च होतो. नेट-सेटधारक शेतमजुरी करतात, भाजी विकतात, रसवंती चालवतात अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. त्या वाचून हळहळ व्यक्त होते, पण त्यांतली माणसे अपवाद नाहीत.

या व्यवस्थेतला सर्वांत अन्यायकारक दुवा सहसा चर्चेत येत नाही. तासिकेवर काढलेली वर्षे पुढे अनुभव म्हणून धरली जावीत ही साधी अपेक्षा असते. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत हंगामी वा कंत्राटी सेवा थेट भरतीसाठी आणि पदोन्नतीसाठी धरण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी अटी आहेत. पात्रता नियमित पदाइतकी असावी, निवड रीतसर समितीने केलेली असावी, आणि मिळणारे एकूण मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. पहिल्या दोन अटी अनुदानित तासिकेवरचे बहुतेक अध्यापक पूर्ण करतात. तिसरी अट ते पूर्ण करू शकत नाहीत, कारण त्यांना कमी पैसे देण्याचा निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो. अध्यापकाला योग्य वेतन मिळावे म्हणून लिहिलेली अट कमी वेतन मिळालेल्याच्याच विरोधात वापरली जाते. आधी त्याचे पैसे कमी होतात आणि मग पैसे कमी होते म्हणून त्याची वर्षे बाद होतात. दहा वर्षे शिकवलेला चाळिशीचा अध्यापक अशा रीतीने कायम नेमणुकीच्या दारात नवखा ठरतो.

कायद्याचे संरक्षणही त्याला सहजासहजी मिळत नाही. 1988 मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाही असे ठरवले, त्यामुळे त्या कायद्याखाली कामगार न्यायालयात जाण्याचा मार्ग शिक्षकांसाठी बंद झाला. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात शिक्षकाची व्याख्या पूर्णवेळ व मान्यताप्राप्त अध्यापकाभोवती बांधलेली आहे. अधिसभेपासून अभ्यास मंडळापर्यंत शिक्षकांचे म्हणून जे प्रतिनिधित्व आहे, त्यात तासिकावाल्याला जागा नाही. जो अभ्यासक्रम तो शिकवतो, तो ठरवताना त्याचे मत कोणी विचारत नाही. उपदान कायद्याचा लाभ शिक्षकांना 2009 च्या दुरुस्तीने मिळाला, पण त्यातली सलग पाच वर्षांच्या सेवेची अट दरवर्षी खंडित होणाऱ्या नेमणुकीत अडत आली. आजारपणाची रजा म्हणजे बुडालेले तास. बाळंतपणाच्या काळात तर अनेक अध्यापिका वर्षच गमावतात आणि पुढच्या जूनमध्ये जागा दुसऱ्याच कोणाला गेलेली असते.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर नुकसान वेगळ्या स्वरूपाचे आहे. तासिकेवरचे अध्यापक कमी दर्जाचे शिकवतात असे म्हणण्याला आधार नाही. त्यांतले अनेक विषयात अद्ययावत आणि उत्साही असतात. तुटते ते सातत्य. प्रथम वर्षाला शिकवणारा अध्यापक तृतीय वर्षाला असेलच असे नाही. शिफारसपत्र, संशोधनाचा विषय, स्पर्धा परीक्षेचा सल्ला यांसाठी ज्याच्याकडे जायचे तो तास संपताच पुढच्या महाविद्यालयाची बस पकडायला निघतो. ज्या महाविद्यालयांत विभागात एकच कायम प्राध्यापक उरला आहे किंवा तोही नाही, तिथे ग्रंथालयासाठी पुस्तके सुचवणे, प्रयोगशाळेची निगा, जुन्या विद्यार्थ्यांशी संबंध ही विभागाची स्मृतीच नाहीशी होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा आराखडा राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रकार्य असे अनेक नवे घटक त्यात आले. हे उभे करायला स्थिर मनुष्यबळ लागते आणि नेमके तेच कमी आहे.

ही माणसे टिकून का राहतात, याचे उत्तर आशेत आहे. घरातला पहिला पदवीधर, पहिला पीएच.डी. होऊन महाविद्यालयात शिकवू लागलेला मुलगा किंवा मुलगी गावात ‘प्राध्यापक’ म्हणून ओळखली जाते. ती ओळख सोडणे सोपे नसते. जागा निघाली की आपला विचार होईल, असे संस्थेतून सूचकपणे सांगितले जाते. जागा निघते तेव्हा अनेक खासगी संस्थांत देणगीच्या रकमेची चर्चा सुरू होते. ही गोष्ट शिक्षणक्षेत्रात कोणापासून लपलेली नाही, आणि शासनाच्या तिजोरीतून वेतन मिळणाऱ्या पदांची भरती लोकसेवा आयोगामार्फत व्हावी ही मागणी त्यातूनच पुढे आली आहे. महिन्याला वीस हजारही न मिळवणाऱ्या अध्यापकाला त्या चर्चेत स्थान असण्याचे कारण नाही. वय वाढते, दुसऱ्या नोकरीचे दरवाजे बंद होत जातात, आणि सोडले तर आजवरची वर्षे वाया जातील या भीतीने पुढचे वर्षही दिले जाते.

न्यायालयांची भूमिका दोन प्रवाहांत वाहते. 2006 च्या उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की, रीतसर स्पर्धेविना झालेली हंगामी नेमणूक कितीही लांबली तरी कायम होण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही. हंगामी कर्मचाऱ्यांच्या विरोधात हा निकाल दोन दशके वापरला गेला. दुसरा प्रवाह वेतनाचा आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या निकालात समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू केले गेले. कायम होण्याचा हक्क नसला तरी किमान वेतनश्रेणी मागता येते, हा फरक इथे पक्का झाला. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना, ज्यांना महिना 30,000 रुपयांवर वर्षानुवर्षे राबवले जात होते, नियमित पदाचे किमान वेतन देण्याचा आदेश दिला आणि अध्यापकांना अशी वागणूक देण्याबद्दल कठोर शब्द वापरले. महाराष्ट्रातील तासिकावाल्यांना हा निकाल थेट लावताना अडचण येते ती पुन्हा मोजमापाचीच. गुजरातमधील अध्यापक पूर्णवेळ काम करत होते. इथे पूर्णवेळ पदाचे दोन तुकडे करून प्रत्येकाला अर्धवेळ ठरवले गेले आहे.

इतर राज्यांनी वेगवेगळे मार्ग धरले. दिल्ली विद्यापीठात हंगामी अध्यापकांना नियमित पदाचे सुरुवातीचे वेतन मिळत आले आहे. तिथला संघर्ष चार-चार महिन्यांच्या नेमणुकांच्या असुरक्षिततेविरुद्ध झाला. पश्चिम बंगालने 2019 च्या अखेरीस अतिथी, अंशकालीन व कंत्राटी अध्यापकांना ‘राज्य-साहाय्यित महाविद्यालयीन शिक्षक’ या एका वर्गात आणले, ठरावीक मासिक रक्कम दिली आणि साठाव्या वर्षापर्यंत काम राहील अशी हमी दिली. वेतन कमी राहिले तरी दरवर्षीची मुलाखत संपली. हरियाणाने 2024 मध्ये विस्तार व अतिथी व्याख्यात्यांच्या सेवासुरक्षेसाठी कायदाच केला. कर्नाटकाने जानेवारी 2022 मध्ये अतिथी व्याख्यात्यांचे मानधन दुपटीहून जास्त वाढवले आणि त्याबरोबर प्रत्येकाचे आठवड्याचे काम 15 तासांपर्यंत नेले. राहिलेल्यांचा त्यात फायदा झाला, पण तेवढ्याच कार्यभाराला आता कमी माणसे पुरू लागली आणि अनेकांचे काम गेले. महाराष्ट्रात आठवड्याची 9 तासांची मर्यादा उठवण्याची मागणी करताना हा अनुभव समोर ठेवावा लागेल. दोघांचे काम एकाला दिले तर एकाचे घर चालेल आणि दुसऱ्याचे बंद पडेल. दोघांनाही सामावायचे तर रिक्त पदे भरण्याला पर्याय उरत नाही.

राज्यातील संघटनांच्या मागण्या साधारण याच रेषेवर आहेत. रिक्त पदांची शंभर टक्के भरती, तोवर तासांऐवजी बारा महिन्यांचे मासिक मानधन, आणि तासिकेवरच्या सेवेला अनुभवाचे गुण. यांतली तिसरी मागणी सर्वांत कमी खर्चाची आहे. मागची वर्षे निवडीत धरण्यासाठी शासनाला एक रुपयाही द्यावा लागत नाही, नियमातली मानधनाची अट तासिकेवरच्या सेवेपुरती शिथिल करून घ्यावी लागते. ती सर्वांत आधी व्हायला हवी, कारण प्रत्येक जूनबरोबर काही अध्यापक वयोमानाने आणि परिस्थितीने स्पर्धेतून बाहेर पडत असतात. दिल्लीत मात्र वारे उलट दिशेने वाहताना दिसते. जानेवारी 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमावलीचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात कंत्राटी नेमणुकांवरची 10 टक्क्यांची मर्यादा वगळलेली होती. महाराष्ट्रात ती मर्यादा पाळली जात नव्हती, पण निवेदनांत आणि याचिकांत बोट ठेवायला तीच एक ओळ हाताशी होती.